बाजेखालची शेगडी

लोहाऱ्यात कुणाच्या घरी बाळंतीण आली, की दैवशालाअक्काला सांगावा जायचा. बाळाला न्हाऊ घालायचं, बाळंतिणीचं अंग चोळायचं, मग दोघांना शेक द्यायचा, हे काम करणाऱ्या गावात आणखीही दोन-चार बायका होत्या. पण सासवांचा भरवसा अक्कावर. तिच्या हातनं न्हालेलं लेकरू दुपार टळेपर्यंत डोळा उघडत नाही, अशी तिची ख्याती. लिंगायत गल्ली असो, मोमिनांचा मोहल्ला असो, कुणाच्या घरात न्हाणी कुठं आणि बंब कुठं, हे तिला डोळे मिटून ठाऊक होतं.

तिचं माहेर तामलवाडीचं. लग्न होऊन आली तेव्हा तान्हं मूल तिला धड उचलता येत नव्हतं. शिकवलं ते सासूनं, सिताबाईनं. सिताबाई पाय लांब करून बसायची, पालथं लेकरू नडग्यांवर घ्यायची आणि सुनेला म्हणायची, "पाणी आधी आपल्या कोपराला इचारावं, मग लेकराला." टाळू कशी भरायची, नाक कसं ओढायचं, कुंची कुठवर ओढायची, एकेक तिनं हाताला धरून दाखवलं. पण सगळ्यांत तिचा जोर होता शेकावर. थंडी एकदा बाळंतिणीच्या हाडात शिरली की जन्मभर निघत नाही, हे तिचं वाक्य दैवशालानं इतक्यांदा ऐकलं होतं, की पुढं तेच तिच्या तोंडातून आपसूक निघायला लागलं. न्हाणं झालं की सुतळीच्या बाजेवर बाळंतिणीला निजवायचं, बाजेखाली लालबुंद निखाऱ्यांची शेगडी सरकवायची, वर चिमूटभर ओवा आणि बाळंतशेपा टाकायचा, आणि वाकळ चहूबाजूंनी खाली सोडायची, म्हणजे ऊब वाया जात नाही.

या शेगडीवर दैवशालाचा विश्वास बसायला कारणही तसंच घडलं होतं. तिचा मल्हार आठव्या महिन्यात झाला. ओंजळीत मावावं एवढंसं पोर, रडायचं तेही मांजराच्या पिलासारखं. थंडीचे दिवस होते. गावातल्या बायका बघायला यायच्या आणि मान हलवत परत जायच्या. सिताबाईनं मात्र महिनाभर शेगडी विझू दिली नाही, आणि मल्हार जगला. पुढं नवरा, वैजनाथ, अकाली गेला तेव्हा हेच काम दैवशालाच्या पदरात राहिलं. एकेक बाळंतपण करत तिनं पोराला वाढवलं, आयटीआयला घातलं. मल्हार ढोकीच्या साखर कारखान्यात फिटर म्हणून लागला. जुनं माळवदाचं घर पाडून त्यानं स्लॅबचं घर बांधलं. माळवदाला छतात एक साणं होतं, उजेड आत यायचा आणि धूर बाहेर जायचा. नव्या घराला साणं नव्हतं. काचेची सरकती खिडकी होती, लोखंडी दार होतं. अक्का येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगायची, आता फटीतनं वारा म्हणून येत नाही.

मल्हारची बायको मोनिका. तिचंही बाळंतपण दिवस भरायच्या आधीच झालं. मुलगी झाली. धाराशिवच्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. अक्का बाहेरच्या बाकावर बसून राहायची. इतक्या लेकरांना न्हाऊ घातलेले हात मांडीवर रिकामे पडलेले. नात घरी न्यायला मिळाली ती संक्रांतीच्या तोंडावर. सोडताना डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या: बाळाला ऊब कमी पडू देऊ नका, आणि धुरापासून जपा, छाती अजून कच्ची आहे.

ऊब कशी द्यायची ते अक्काला कुणी सांगायला नको होतं. तिला काळजी लागली ती धुराची.

तोवर धूर असा तिनं कधी पाहिलाच नव्हता. म्हणजे तो होता, रोजच होता. हिवाळ्यात उजाडायच्या सुमाराला गल्लीतला प्रत्येक बंब एकदमच पेटायचा. स्वयंपाकाला घरोघरी गॅस आला होता, पण घरभराच्या अंघोळीचं पाणी गॅसवर तापवायचं कुणाला परवडत नव्हतं. शेतातनं तुराट्या येत, बांधावरची बाभळ तोडलेली असे. ओलं सरपण पेटत नाही म्हणून कुणी प्लास्टिकची पिशवी खाली घाली, कुणी टायरचा तुकडा. गारठ्यात तो धूर वर चढतच नसे. घरांच्या छताखाली, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो नुसता पडून राही, आणि चांगलं ऊन आल्यावर कुठं हलायला लागे. वाळत घातलेल्या कपड्यांना वास येई. शेजारच्या आयुबभाईंना दमा होता. एसटीचे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला तो धिप्पाड माणूस हिवाळाभर खाटेवर उठून बसलेला असे, हातात तोंडात मारायचा पंप. त्यांची बायको हमिदाबी दाराला ओली चादर बांधून ठेवायची. अक्का रोज सकाळी तिला हाक मारायची, कसं हाय म्हणून विचारायची, आणि जाऊन आपला बंब पेटवायची. सकाळ म्हणजे अशीच असते, असं तिला वाटत आलं होतं.

नात घरात आली आणि तीच सकाळ तिला वैऱ्यासारखी दिसायला लागली. पहिल्याच दिवशी बाळ दोनदा खोकलं. अक्कानं खिडकीची काच ओढून घेतली. तरी वास येतच होता. मग तिनं खिडकीच्या फटीत जुनी गोधडी कोंबली, वरून पोतं लावलं. दाराखाली ओलं फडकं सारलं. एवढं केल्यावर धूर थांबला. खोली मात्र गार पडली, म्हणून शेगडी आणली. त्यातही तिनं काळजी घेतली. बंबातले पार लाल झालेले निखारे तेवढे निवडून घ्यायचे, अंगणात सुपानं वारा घालायचा, शेवटची धुराची रेघ गेली की मगच शेगडी आत न्यायची. निखाऱ्याला धूर कुठला? डॉक्टरांचे दोन्ही शब्द पाळले, म्हणून तिचा जीव जरा खाली बसला.

दोन-तीन दिवसांत मोनिकाचं डोकं दुखायला लागलं.

"आत्या, सकाळी न्हाऊन निजून उठलं की डोकं लई जड व्हायलंय. मळमळतंय बी."

अक्कानं तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. अंगात रक्त नाही, त्यानं होतं असं, म्हणाली. डिंकाचा लाडू दिला, कानाला फडकं घट्ट बांधलं, आणि सुनेला थंडी बाधली असेल म्हणून शेगडीत आणखी निखारे घातले. दुपारी मोनिका अंगणात उन्हाला बसली की तिला बरं वाटायचं. दोघींनाही वाटलं, उन्हाचा गुण.

मग थंडीची लाट आली. हौदातलं पाणी बोटांना चावायला लागलं. गल्लीतले बंब लवकर पेटायला लागले आणि उशिरापर्यंत धुमसत राहिले. आयुबभाईंचा खोकला भिंतीपलीकडून सारखा ऐकू यायचा. अक्काची झोप उडाली. ती मध्येच उठून नातीच्या नाकापुढं बोट धरून बघायची, श्वास लागला की पुन्हा पडायची. मल्हारचा ढोकीहून फोन यायचा. कारखान्याचा हंगाम भरात होता, त्याला सुट्टी मिळत नव्हती. अक्का त्याला सांगायची, तू काळजी करू नको, मी आहे ना.

त्या सकाळी तिनं मोनिकाला आणि बाळाला न्हाऊ घातलं. बाळ दूध पिऊन झोपलं. गल्लीत तर समोरचं दार दिसू नये एवढा धूर साचला होता. अक्कानं पोतं पुन्हा नीट चेपलं, शेगडी भरून बाजेखाली सरकवली, दार ओढून घेतलं आणि बसप्पाच्या घरी निघाली.

बसप्पाची लेक जगदेवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. त्यांचं घर बाजारपेठेच्या पलीकडं. तिथंही गेल्या वर्षीच नवी खोली काढलेली, फरशीची, चांगली बंदोबस्ताची. अक्कानं जगदेवीला न्हाऊ घातलं, बाळाला घातलं, शेगडी ठेवली. शेजारच्या अंगणात बंब धुमसत होता. "धूर आत यायलाय, खिडकी गच्च लावा," असं तिनं जगदेवीच्या आईला बजावलं, आणि स्वतःच्या हातानं फटीत फडकी बसवून दिली. आठवडी बाजाराचा दिवस होता. येताना तिनं मोनिकासाठी शेपूची जुडी घेतली.

घरी आल्यावर तिनं अंगणातूनच हाक मारली. आतून ओ आली नाही. झोपली असेल म्हणून ती आधी न्हाणीकडं गेली, हातपाय धुतले. मग दार ढकललं. आतली ऊब अंगावर आली. मोनिका बाजेवर पडली होती, तोंड थोडं उघडं. अक्कानं तिला हलवलं. मान एका बाजूला गेली. हलवलं, गालावर मारलं, नाव घेतलं. मोनिका घशातल्या घशात काहीतरी बोलली आणि पुन्हा गप्प झाली. अक्कानं बाळाला उचललं. हजार लेकरं उचललेल्या त्या हातांना कळलं, की हे वजन झोपलेल्या लेकराचं नाही. हात खाली लोंबत होते.

ती बाळाला घेऊन अंगणात आली आणि हमिदाबीला हाक मारली. ती हाक गल्लीतल्या पाच घरांनी ऐकली. हमिदाबी धावत आली, अक्काचं तोंड बघितलं आणि सरळ आत शिरली. तिनं आणि शेजारच्या एका सुनेनं मिळून मोनिकाला बाहेर आणलं. हमिदाबीचा मुलगा फिरोज वडाप जीप चालवायचा. तो नळदुर्गच्या फेरीला निघायच्या बेतात होता. त्यानं बसलेली माणसं उतरवली आणि जीप दारात आणली. आयुबभाई भिंतीला धरून उभे होते. त्यांना धाप लागली होती, तरी ते हातानं खुणावत होते, लवकर, लवकर.

जीपला मागं दार नव्हतं. गार वारा सरळ आत येत होता, आणि अक्का सवयीनं बाळावर पदर ओढत होती. हमिदाबीच्या मांडीवर मोनिकाचं डोकं होतं. बसस्टँडच्या वळणावर मोनिका भडभडून ओकली आणि तिनं डोळे उघडले. बाळानं मात्र काही केलं नाही.

सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण वयानं मोनिकाएवढीच असेल. तिनं बाळाच्या तोंडावर नळी लावली, छातीला हात लावला, नर्सला भराभर काही सांगितलं, आणि हात चालू ठेवूनच विचारलं, खोलीत काय जळत होतं?

"काय न्हाय," अक्का म्हणाली. "धूर येऊ नये म्हणून खिडकी बुजवली होती. आत नुसते निखारे होते. धूर न्हाय, काय न्हाय."

डॉक्टरीण बाळाची नळी नीट करत म्हणाली,

"मावशी, धूर दिसतो तेव्हा माणूस उठून बाहेर तरी पळतो. निखाऱ्यातनं जो गॅस निघतो त्याला रंग नाही की वास नाही. बंद खोलीत तो साठतो आणि माणूस झोपेतच जातो. किती दिवस ठेवत होता शेगडी?"

अक्कानं सांगितलं. सुनेचं डोकं दुखत होतं तेही सांगितलं. डॉक्टरीण तिला रागावली नाही. बाळ श्वास घेतंय, पण इथं ठेवता येणार नाही, धाराशिवला न्यावं लागेल, ॲम्ब्युलन्स बोलावली आहे, एकीनं बरोबर जायचं, एवढंच म्हणाली आणि पुन्हा बाळाकडं वळली.

मोनिकाला पलीकडच्या खाटेवर ऑक्सिजन लावला होता. अक्का भिंतीला टेकून खाली बसली. हमिदाबी तिला पाणी पाजत होती. पेला ओठाला लागला आणि तिच्या डोळ्यांपुढं बसप्पाची खोली उभी राहिली. फरशी. गच्च लावलेली खिडकी. आपल्याच हातानं बसवलेली फडकी. ती उठून उभी राहिली. मोबाईल घरी राहिला होता, आणि असता तरी बसप्पाचा नंबर तिच्याजवळ नव्हता. त्या घरचं बोलावणं नेहमी माणूसच घेऊन यायचं.

बाहेर ॲम्ब्युलन्स येऊन लागली. नर्स बाळाला घेऊन निघाली. अक्कानं एकदा त्या दुपट्याकडं बघितलं.

"भाबी, तुमी जावा लेकराबरोबर," ती म्हणाली. "म्या मागनं येते."

"आन् तुमी कुठं जाताव?"

"बसप्पाच्या घरी बी म्या शेगडी ठिवून आले."

हमिदाबी पदर खोचून ॲम्ब्युलन्समध्ये चढली.

फिरोजनं जीप काढली. पण बाजाराचा दिवस, त्यात उसाचा एक ट्रॅक्टर पेठेच्या तोंडाशी अडकलेला. दोन्ही बाजूंनी भाजीवाले, मेंढरं, मोटारसायकली. फिरोज हॉर्न वाजवत होता आणि कुणी हलत नव्हतं. अक्कानं उडी टाकली आणि पळायला लागली. गुडघे दुखायला लागल्यापासून ती कधी पळाली नव्हती. लोक वळून बघत होते, कुणी विचारत होतं, काय झालं अक्का? पळताना तिच्या मनात एकच हिशेब चालला होता: आपण तिथून निघालो, शेपू घेतली, हातपाय धुतले. हातपाय कशाला धुतले?

बसप्पा ओसरीवर उन्हाला बसला होता. म्हणाला, माय-लेकरं न्हाल्यापासून गाढ झोपलीत. अक्का त्याला ओलांडून आत गेली. जगदेवीची आई दळण निवडत होती, ती चकित होऊन उठली. अक्कानं दार ढकललं, खाली वाकली आणि बाजेखालची शेगडी दोन्ही हातांनी ओढून काढली. शेगडीचं लोखंड तापलेलं होतं. तशीच ती उचलून तिनं दारातून अंगणात नेऊन टाकली. निखारे अंगणभर उधळले. मग ती परत आत गेली आणि खिडकीची फडकी उपसायला लागली.

जगदेवीची आई ओरडली, "अगं, बाळंतिणीवर वारं घालतीस व्हय? डोकं फिरलं का तुजं?"

"जगदेवीला उठवा," अक्का म्हणाली. "आधी उठवा. मग मला काय बोलायचं ते बोला."

जगदेवी उठेना. आईनं खांद्याला धरून हलवलं तेव्हा ती डोळे किलकिले करून म्हणाली, डोकं फुटायलंय गं, आणि पुन्हा पडायला लागली. आता आईचा चेहरा उतरला. दोघींनी तिला ओढत ओसरीवर आणलं. अक्कानं बाळाला घेतलं. ते ऊबदार होतं, जड होतं, आणि तिनं तळपायावर टिचकी मारली तेव्हा त्यानं पाय ओढून घेतला. दुसऱ्या टिचकीला ते रडलं. चांगलं मोठ्यानं रडलं. अक्का तिथंच ओसरीवर बसली. हातांची आग तिला तेव्हा कुठं जाणवली.

फिरोज तोवर पोचला होता. त्यानं जगदेवीला आणि बाळाला दवाखान्यात नेलं. अक्का त्यांच्याबरोबर गेली नाही. त्या हिवाळ्यात तिनं बसवलेल्या आणखी दोन शेगड्या गावात होत्या. तळहातांना ओलं फडकं गुंडाळून ती तिकडं निघाली. पहिल्या घरी ऐकलं. दुसऱ्या घरची सासू हसायला लागली. म्हणाली, महिनाभर ठेवा ठेवा म्हणून तूच मागं लागली होतीस ना?

"व्हय, म्याच," अक्का म्हणाली. "आन् आता काढायला बी म्याच आले."

शेगडी निघेपर्यंत ती तिथून हलली नाही.

ती धाराशिवला पोचली तेव्हा दिवस मावळत होता. मल्हार ढोकीहून आला होता, कारखान्याच्या कपड्यांतच, हाताला ग्रीस तसंच. मोनिकालाही तोवर तिथंच हलवलं होतं. बाळ पुन्हा पेटीत होतं. हमिदाबी बाकावर तस्बीहचे मणी ओढत बसली होती. अक्काला बघून ती सरकली. मल्हार मात्र उभाच राहिला.

"आई," तो म्हणाला, "माझी लेक इथं होती."

अक्कानं मान हलवली. बसप्पाच्या घरचं काय झालं ते हमिदाबीनं त्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. आईच्या हातांकडं बघितलं, जाऊन मलम घेऊन आला, आणि खाली बसून तिच्या तळव्यांना लावलं. पण बोलला नाही. त्याच्या त्या न बोलण्याचा अक्कानं फार दिवस धसका घेतला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ती पुढं हमिदाबीजवळ म्हणाली होती.

बाळ वाचलं. काही दिवसांनी ते घरी आलं. डॉक्टर म्हणाले, आता तरी सगळं ठीक दिसतंय, पण मेंदूला काही झालंय का ते वाढता वाढताच कळेल. मान कधी धरतं, नजर फिरवतं का, हसतं का, बघत राहा. हे बघत राहणं अक्काच्या वाट्याला आलं. ती बाळापुढं चुटकी वाजवायची आणि त्यानं डोळे वळवले की स्वतःचाच विश्वास न बसून पुन्हा वाजवायची. मोनिका तिला म्हणायची, आत्या, बस करा, ते घाबरतंय. मोनिकानं सासूला कधी दोष दिला नाही. आपलं डोकं रोज दुखत होतं तेव्हा आपणही काही समजलो नाही, असं ती म्हणायची. तरी बाळाला न्हाऊ घालायची वेळ आली की ती आता जवळ येऊन उभी राहायची, आणि अक्का ते ओळखून तिला बसायला जागा करायची.

ऊब कशी द्यायची ते दवाखान्यातल्या नर्सनं शिकवलं होतं: बाळाला टोपी घालून आईच्या उघड्या छातीशी बांधायचं, वरून चादर. निखारा नको की शेगडी नको. मोनिका थकली की अक्का नातीला आपल्या छातीशी घ्यायची. तिला नवल वाटायचं, की इतकी वर्षं सगळं शेकलं, पण हे कधी सुचलं नाही.

खिडकी आता उघडी ठेवायची होती. आणि खिडकी उघडली की सकाळी गल्ली आत यायची. पुन्हा तोच वास, तोच करडा थर, आणि बाळाचा खोकला. अक्कानं आपला बंब विझवला, अंघोळी दुपारच्या उन्हात तापलेल्या पाण्यावर आणल्या. त्यानं काय होणार? गल्लीत बंब थोडे का होते. पहिल्या सकाळी आपल्या दारात बंब नाही आणि तरी खोलीत धूर, हे बघून ती बाहेर आली आणि आयुबभाईंच्या ओट्यावर जाऊन बसली. तिथनं आपल्या अंगणाकडं आणि त्यांच्या खिडकीकडं तिनं प्रथमच नीट बघितलं. तिच्या बंबाची जागा त्या खिडकीच्या बरोबर खाली होती. वरची भिंत काळी झाली होती.

"आयुबभाई, इतकी वर्षं तुमच्या घरात माझा धूर जायचा," ती म्हणाली. "बोललाव का न्हाय कधी?"

आयुबभाई थोडा वेळ श्वास गोळा करत राहिले. "शेजाऱ्याला अंघोळ करू नको म्हनून कसं सांगावं अक्का?"

ती घरोघर गेली. बंब बंद करा असं तिनं कुणाला म्हटलं नाही; म्हणण्याचं तिला तोंड नव्हतं. ऊन वर आल्यावर पेटवा, तेव्हा धूर चढून तरी जातो. वाळलेलं सरपण घ्या. टायर आणि पिशव्या घालू नका. एवढंच मागणं. नातीची गोष्ट गावभर झाली होती, त्यामुळं काहींनी ऐकलं. ज्यांना सकाळच्या एसटीनं कामावर जायचं होतं त्यांनी हात जोडले. एका घरात तिला ऐकवलं, की स्वतःच्या सुनेला धुरी देऊन आता गावाला शहाणपण शिकवतीस. ती खाली मान घालून बाहेर आली आणि पुढच्या दाराची कडी वाजवली. धूर गेला नाही. थोडा पातळ झाला. हमिदाबी म्हणाली, यंदा ह्यांना रात्री दोनदाच उठावं लागतंय. ते खरं होतं की अक्काचं मन राखायला म्हणत होती, कोण जाणे.

हात बरे व्हायला वेळ लागला. तोवर बरीच घरं दुसऱ्या बायकांकडं गेली. हात बरे झाल्यावरही सगळी परत आली नाहीत. बोलावणं आलं की अक्का दारातच सांगायची, न्हाऊ घालीन, चोळीन, पण शेगडी ठेवणार नाही आणि खिडकी उघडी लागेल. शेकाशिवाय कसलं बाळंतपण, असं म्हणून माणसं मागं फिरायची. बसप्पाच्या घरून मात्र जगदेवीच्या भावजयीसाठी सांगावा आला, आणि जगदेवीच्या आईनं अक्का यायच्या आधीच खिडकी उघडून ठेवली होती.

नातीनं मान धरली. मग एका दुपारी ती मल्हारच्या मांडीवर बसून छताच्या पंख्याकडं बघत हसली. मल्हार आईला हाक मारून म्हणाला, बघ, हसायलीय. अक्का आली, तिनं बघितलं, आणि पुढचं बसायचं कधी, रांगायचं कधी, याची काळजी तिला त्याच क्षणी लागली.

पुढच्या हिवाळ्यात वरच्या आळीतल्या एका घरानं तिला नको म्हणून दुसरी बाई लावली. त्या घराची खोली बंद असते, सकाळी आत शेगडी जाते, हे अक्काच्या कानावर आलं. ती तिथं गेली. सासूनं तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, तेव्हा दारही उघडलं नाही. मग ती रोज त्या वाटेनं जायला लागली. सकाळच्या धुरात तोंडाला पदर लावून ती त्या खिडकीखाली उभी राहायची, आणि आतून लेकराच्या रडण्याचा आवाज आला की मगच पुढच्या घराकडं चालू लागायची. कधी आवाज लवकर यायचा. कधी यायचा नाही. मग ती काचेवर बोटानं टकटक करायची, आतून शिवी येईपर्यंत.